बरोबरीत सुटलेला डाव कसा तपासायचा: बर्लिन बचावाच्या २५ चाली हाताशी घेऊन

बुद्धिबळात हरलेला डाव माणूस डोक्यात घेऊन घरी येतो. जिंकलेला डाव चार जणांना सांगत येतो. बरोबरीत सुटलेला डाव मात्र खिशात घडी घातलेल्या कागदावरच राहतो. खाली अर्धा-अर्धा गुण, दोन सह्या, विषय संपला. मीही कित्येक वर्षं असंच करत होतो. नंतर एकदा जुने कागद काढून बसलो, तेव्हा कळलं की माझ्या बहुतेक बरोबऱ्या शेवटच्या चालीला झालेल्याच नव्हत्या. त्या दहाव्या-पंधराव्या चालीलाच ठरल्या होत्या. मला ते पन्नासाव्या चालीला कळलं, एवढंच. डाव तपासायचा तो ही ठरण्याची जागा शोधायला.

पद्धत नुसती सांगून हाताला लागत नाही, म्हणून सोबत एक खरा डाव घेऊ. ऑक्टोबर २०००, लंडन, जगज्जेतेपदाच्या लढतीचा पहिला डाव. पांढरी मोहरी गॅरी कास्पारोवकडे, काळी व्लादिमिर क्रामनिककडे. पंचविसाव्या चालीला बरोबरी. पट मांडून बसा. नुसतं वाचून यातलं अर्धंसुद्धा हाती लागणार नाही.

पहिलं काम त्याच दिवशी, इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) बंद ठेवून

डाव संपल्यावर काही तासांत चालींच्या कागदाची नक्कल करा आणि तीन गोष्टी लिहा: घड्याळात किती वेळ उरला होता, कुठल्या चालीला सगळ्यात जास्त विचार केला, आणि बरोबरीचा प्रस्ताव कोणी, कधी दिला. प्रस्ताव दिला की दोघांनीही कागदावर कंसात बरोबरचं चिन्ह करायचं, असा फिडेचा (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचा) नियमच आहे. तो बहुतेक जण पाळत नाहीत आणि पुढे तपासताना पस्तावतात.

चालीशेजारी मनातलं जसंच्या तसं लिहा. माझ्या एका कागदावर एकोणिसाव्या चालीपुढे ‘कंटाळा, काहीतरी मारामारी करू’ असं लिहिलंय. इंजिनने त्या चालीला जेमतेम पाव प्याद्याची चूक दाखवली. पण त्या डावाचं खरं निदान त्या चार शब्दांतच होतं, आणि दुसऱ्या दिवशी ते मला आठवलंही नसतं.

ओपनिंग: पाठांतर कुठे संपलं?

कागदावर आडवी रेघ मारा. रेघेच्या वर माहीत असलेल्या चाली, खाली स्वतः शोधलेल्या. बहुतेकांची रेघ त्यांना वाटते त्याच्या दोन-तीन चाली वर निघते. त्यानंतर रेघेच्या वरच्या प्रत्येक चालीचं कारण एका वाक्यात लिहा. जिथे कारण सुचत नाही, ती चाल तुम्ही खेळला नव्हता, नुसती म्हणून दाखवली होती.

आता आपला डाव (प्रत्येक आकड्यापुढे आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; ई४ म्हणजे ई पट्टीतलं चौथं घर). १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट बी५ घोडा एफ६. इथवर रुय लोपेझ नावाचं ओपनिंग, आणि तिसऱ्या चालीच्या या घोड्यामुळे बर्लिन बचाव. काळा स्वतःचं ई५ राखत बसत नाही, सरळ ई४ वर चाल करून जातो. ४. किल्लेकोट (राजा-हत्तीची एकत्र चाल), घोडा ई४ चं प्यादं मारतो. ५. डी४. इथे काळ्याने लोभ धरून ई५ च्या प्याद्याने डी४ मारलं, तर पांढरा हत्ती ई१ वर येतो आणि ई४ चा घोडा राजासमोर खिळला जातो. म्हणून ५...घोडा डी६. घोडा निसटतो आणि निसटताना उंटावर हल्लाही करतो. ६. उंट सी६ वर मारतो, काळा डी प्याद्याने मारतो. बी प्याद्याने का नाही? डी प्याद्याने मारलं की सी८ च्या उंटाची वाट आपोआप मोकळी होते, आणि एका चालीनंतर डी६ च्या घोड्याला त्रास होणार असतो तेव्हा पळायला एफ५ सारखं चांगलं घर असतं. ७. डी प्यादं ई५ वर मारतं, घोडा एफ५. ८. वजीर डी८ वर मारतो, शह, राजा मारतो.

आठव्या चालीला वजीर पटाबाहेर. काळ्याचा किल्लेकोटाचा हक्क गेला, सी पट्टीवर प्यादी एकावर एक, पांढऱ्याची मोहरी पुढे निघालेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं काळ्याचं काहीतरी चुकलं. त्या लढतीत कास्पारोवने ही स्थिती पुन्हा पुन्हा घेतली आणि ती त्याला एकदाही फोडता आली नाही. क्रामनिकने दोन डाव जिंकले, एकही हरला नाही, आणि लढत साडेआठ विरुद्ध साडेसहा अशी घेतली. ‘बर्लिनची भिंत’ हे नाव तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी बसलं.

मोहरी उचला, राजा आणि प्यादी ठेवा

एवढीच एक गोष्ट या लेखातून घेतली तरी चालेल. ओपनिंग संपलं की पटावरून घोडे, उंट, हत्ती सगळे उचला. नुसते राजे आणि प्यादी ठेवून विचारा: हा डाव कोणाचा?

इथे पांढऱ्याची प्यादी ए२, बी२, सी२, ई५, एफ२, जी२, एच२. काळ्याची ए७, बी७, सी७, सी६, एफ७, जी७, एच७. राजाच्या बाजूला पांढऱ्याची चार, काळ्याची तीन. पांढरा एफ४, जी४, एफ५ असं सरकत जातो, मग ई६, आणि एक प्यादं मोकळं निघतं, म्हणजे त्याला अडवायला समोरचं एकही प्यादं उरत नाही. वजिराच्या बाजूला काळ्याची चाराविरुद्ध तीन आहेत खरी, पण त्यातली दोन एकाच पट्टीवर. पांढऱ्याने घाई केली नाही तर त्यांतून मोकळं प्यादं निघत नाही. थोडक्यात, प्याद्यांचा हा डाव सर्वसाधारणपणे पांढरा जिंकतो. मित्रासोबत दोन-तीनदा खेळून पाहा. दोन्ही बाजूंनी खेळा.

मग काळा तगतो कशावर? त्याच्याकडे उंटांची जोडी आहे. त्याच्या प्याद्यांत सहज हल्ला करता येईल अशी कमकुवत जागा नाही. सी६ चं जे प्यादं आपण ‘बिघडलेलं’ म्हणतो, तेच बी५ आणि डी५ ही घरं राखतं आणि पांढऱ्या घोड्यांना आत येऊ देत नाही. उलट पांढऱ्याचं अभिमानाचं ई५ चं प्यादं काळ्या घरात बसून स्वतःच्याच काळ्या घरांच्या उंटाची वाट अडवतं, आणि एफ५ हे घर काळ्या घोड्याला आंदण देतं.

यातून निघणारा निष्कर्ष भल्याभल्यांना उलटा वाटतो. बरोबरी हवी असली की आपला हात मोहरी मारून पट रिकामा करण्याकडे जातो. इथे काळ्याने तसं केलं तर प्रत्येक मारामारीसरशी तो त्या हरलेल्या प्याद्यांच्या डावाजवळ सरकतो. एक अपवाद: दोघांकडे एकेकच उंट उरला आणि ते वेगवेगळ्या रंगांच्या घरांचे असले, तर काळ्याला बरोबरीची आशा बरीच वाढते. तेव्हा स्वतःच्या डावातल्या मारामारीच्या प्रत्येक चालीला खूण करा आणि शेजारी लिहा: या मारामारीनंतर प्याद्यांचा डाव कोणाच्या जवळ गेला? माझ्या निम्म्या फुकट गेलेल्या पांढऱ्या डावांचं उत्तर या एका रकान्यात सापडलं. मी मारत होतो, पण चुकीचं मोहरं.

मधल्या चाली: काय घडू दिलं नाही ते बघा

बरोबरीच्या डावात घडलेल्या गोष्टी थोड्या असतात, थोपवलेल्या जास्त. म्हणून नवव्या चालीपासून प्रत्येक चालीला ‘ही काय करते’ याच्या आधी ‘ही काय अडवते’ असं विचारत जा.

९. घोडा सी३ उंट डी७ १०. बी३ एच६ (जी५ वर कोणी येऊ नये म्हणून) ११. उंट बी२ राजा सी८. राजा मधून निघून प्याद्यांच्या आडोशाला चालला. १२. एच३ बी६. पांढऱ्याच्या एच३ मागे जी४ ढकलून एफ५ च्या घोड्याला हुसकावण्याचा बेत आहे. १३. ए पट्टीवरचा हत्ती डी१, घोडा ई७. हुसकावण्याआधीच घोडा उठला. १४. घोडा ई२ घोडा जी६, आता नजर ई५ वर. १५. घोडा ई१ एच५ १६. घोडा डी३ सी५ १७. सी४ ए५ १८. ए४ एच४.

इथे थांबा. एच४ ही या डावातली माझी सगळ्यात आवडती चाल. दिसायला काहीच नाही, कडेचं प्यादं दोन टप्प्यांत पुढे गेलं. पण पांढऱ्याचा सगळा डाव राजाच्या बाजूच्या चार प्याद्यांवर उभा होता, आणि ती पुढे सरकायची तर जी४ हवंच. आता जी२ वरून जी४ ढकललं की काळा एच४ वरून वाटेतच मारणार, म्हणजे आँ पासाँ (दोन घरं ढकललेलं प्यादं एकच घर सरकल्यासारखं मारायची मुभा). मग एच पट्टी उघडते आणि एच८ वरचा हत्ती जागचा न हलता कामाला लागतो. एक घर जी३ केलं तरी तीच गत. म्हणजे चार विरुद्ध तीन हे बहुमत कागदावर राहिलं. पटावर ते लंगडं झालं. दुसऱ्या बाजूला ए४-ए५, सी४-सी५ अशी प्यादी एकमेकांना भिडून बसली, तिकडेही वाट मिळणं अवघड. बरोबरी कुठे ठरली असं मला विचाराल तर मी अठराव्या चालीवर बोट ठेवीन. सही पंचविसाव्याला झाली.

उरलेलं भराभर: १९. घोडा सी३ उंट ई६ २०. घोडा डी५ राजा बी७ २१. घोडा ई३ हत्ती एच५. हत्ती पाचव्या रांगेतून थेट ई५ कडे बघतोय. २२. उंट सी३ हत्ती ई८ २३. हत्ती डी२ राजा सी८ २४. एफ४ घोडा ई७ २५. घोडा एफ२ घोडा एफ५, बरोबरी.

आता एक गंमत करा. फक्त काळ्या राजाच्या घोड्याच्या चाली मोजा: एफ६, ई४, डी६, एफ५, ई७, जी६, ई७, एफ५. पंचवीसपैकी आठ चाली एकाच घोड्याच्या, आणि तो पंचविसाव्या चालीला तिथेच बसला जिथे सातव्याला होता. राजाही बी७ ला जाऊन परत सी८ वर. नवशिक्याला हा वेळकाढूपणा वाटेल. पण मधल्या काळात पांढऱ्याने जी४ चा बेत सोडला आणि एफ४ खेळून जी३ हे घर कायमचं ढिलं केलं. घोडा त्याच घरात परतला, घराच्या आजूबाजूचं जग बदललं होतं. स्वतःच्या डावातही एकेका मोहऱ्याचा असा प्रवास वेगळा काढून बघा. कोण फिरलं, कोण जागेवरून हललंच नाही, हे चालींच्या यादीत दिसत नाही. माझे हत्ती वर्षानुवर्षं एफ१ वर बसून होते, ते मला असंच कळलं.

मग इंजिन

आता उघडा. बरोबरीच्या डावात इंजिन वारंवार ०.०० (कोणीच वरचढ नाही) दाखवणार, आणि लोक तिथेच लॅपटॉप मिटतात. पण शून्या-शून्यात फरक असतो. एका शून्यात दोन्ही बाजूंकडे डझनभर चाली आहेत आणि कशाने काही बिघडत नाही. दुसऱ्यात एक बाजू सतत शह देत राहू शकते, म्हणून शून्य. तिसऱ्यात एका बाजूला फक्त एकच चाल तारते, बाकी सगळ्या हरतात. माणसाच्या दृष्टीने तिसरं शून्य म्हणजे जवळजवळ जिंकलेला डाव, कारण पाच मिनिटं उरली असताना ती एक चाल समोरच्याला सापडायला हवी.

म्हणून इंजिनला एक नाही, पहिल्या तीन-चार चाली दाखवायला सांगा. पहिल्या आणि दुसऱ्या चालीत मोठी दरी असेल तिथे लाल खूण. अशा खुणा समोरच्याच्या वाट्याला जास्त आल्या असतील आणि तरी तुम्ही बरोबरी घेतली असेल, तर तुम्ही घाई केलीत. तुमच्या वाट्याला जास्त असतील तर अर्धा गुण कमावलात.

गुणांकनाचा (रेटिंगचा) हिशेबही एका ओळीत उरकतो. तुमच्यापेक्षा २०० गुणांनी वरच्या खेळाडूविरुद्ध तुमच्याकडून सुमारे ०.२४ गुणांची अपेक्षा असते. बरोबरी केलीत म्हणजे ०.५, फरक ०.२६, आणि के गुणक (एका डावाने गुणांकन किती बदलेल ते ठरवणारा आकडा) २० असेल तर ५.२ ची कमाई. खालच्याशी केलीत तर तितकंच नुकसान. मात्र हा हिशेब प्रस्ताव देण्याआधी मनात आणू नका. तो आला की पट दिसायचा बंद होतो.

प्रस्ताव आणि दावा: हातातलं घालवू नका

प्रस्तावाचा क्रम ठरलेला आहे: आधी पटावर चाल खेळा, मग प्रस्ताव बोला, मग घड्याळ दाबा. समोरच्याने तोंडाने नाकारला किंवा मोहऱ्याला हात लावला की प्रस्ताव संपला. स्पर्धेचे नियम आधी वाचा, कारण काही ठिकाणी ठराविक चालींच्या आत संमतीची बरोबरी चालत नाही. २००५ साली सोफियातल्या स्पर्धेत तर खेळाडूंनी आपसात प्रस्ताव देण्यावरच बंदी घातली होती, आणि तेव्हापासून अशा नियमाला सोफिया नियमच म्हणतात.

तीनदा तीच स्थिती आल्याचा दावा करून बरोबरी मागणं ही सगळ्यात फसवी जागा. एकदा हत्तींच्या डावात मी एका प्याद्याने मागे होतो आणि शह देत देत तिसऱ्यांदा तीच स्थिती आणली. आनंदाच्या भरात चाल खेळलो, घड्याळ दाबलं आणि मग पंचांना हाक मारली. पंच आले, कागद बघितला आणि म्हणाले, “आता चाल तुमची नाही. दावा करायचाच तर ते करतील.” समोरचा कशाला करतो? त्याने राजा दुसरीकडे नेला आणि मला आणखी बावीस चाली घाम फोडला. डाव शेवटी बरोबरीतच सुटला, पण त्या बावीस चालींचं बक्षीस वगैरे काही मिळालं नाही.

योग्य रीत अशी. तिसऱ्यांदा स्थिती आणणारी चाल तुमची असेल तर ती पटावर खेळू नका. कागदावर लिहा, पंचांना बोलवा, आणि ‘ही चाल खेळणार आहे, तिने तीच स्थिती तिसऱ्यांदा येईल’ असं सांगा. स्थिती समोरच्याच्या चालीने आली असेल तर तुमची चाल येताच, मोहऱ्याला हात न लावता दावा करा. दावा चुकीचा निघाला तर समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात. ‘तीच स्थिती’ म्हणजे नुसती मोहरी तिथेच असून भागत नाही. चाल त्याच बाजूची हवी, किल्लेकोटाचे आणि आँ पासाँचे हक्कही तेच हवेत. सलग तीनदाच आली पाहिजे असं मात्र नाही, मध्ये दहा चाली गेल्या तरी चालतं. पाच वेळा आली तर कोणी दावा न करताही डाव संपतो. प्यादं न हलवता आणि काही न मारता प्रत्येकी ५० चाली झाल्या तर दावा करता येतो, ७५ झाल्या की आपोआप बरोबरी.

सरावासाठी बर्लिनमधलीच एक तयार वाट घ्या. पाचव्या चालीपर्यंत वरच्यासारखंच, मग ६. डी प्यादं ई५ वर मारतं, घोडा बी५ चा उंट मारतो ७. ए४, बी५ चा घोडा डी४ वर ८. घोडा डी४ वर मारतो, डी५ ९. ई प्यादं डी६ वर वाटेत मारतं, घोडा डी४ वर मारतो १०. वजीर डी४ वर मारतो, वजीर डी६ वर मारतो ११. वजीर ई४ शह, वजीर ई६ १२. वजीर डी४, वजीर डी६ १३. वजीर ई४ शह, वजीर ई६ १४. वजीर डी४, वजीर डी६. दोघांना शांततेने अर्धा-अर्धा गुण हवा असला की मोठ्या स्पर्धांतही हीच वाट दिसते. मला ती आवडत नाही, पण काळ्याने बर्लिन धरलं तर पांढरा ती कधीही घेऊ शकतो. जिंकायचंच असलेल्या फेरीत काळ्याने बर्लिन निवडताना हे आधी ध्यानात घ्यावं.

आता सांगा: या वाटेत काळ्याने दावा नेमका केव्हा करायचा? दहाव्या चालीनंतरची स्थिती बाराव्यानंतर दुसऱ्यांदा येते, चौदाव्यानंतर तिसऱ्यांदा. तेव्हा काळ्याने चौदावी चाल ‘वजीर डी६’ फक्त कागदावर लिहायची, वजिराला हात लावायचा नाही, आणि पंचांना बोलवायचं.